कलाकाराने निवडलेल्या संग्रहालयातल्या वस्तू पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयाच्या भांडारातल्या वस्तू एखाद्या चित्रकाराने किंवा शिल्पकाराने स्वतः निवडायच्या आणि हव्या त्या शेजारात मांडायच्या, अशी प्रदर्शनं आता जगभर होतात. मुंबईत त्याच जातीचे प्रयोग भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाले आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांचे प्रश्न बहुधा सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नेहमीच्या प्रदर्शनापेक्षा यात वेगळं काय?

संग्रहालयातले तज्ज्ञ वस्तू लावतात त्या काळाप्रमाणे, प्रदेशाप्रमाणे किंवा धातू-लाकूड-कापड अशा मालाप्रमाणे. मराठेशाहीतली तलवार इतर तलवारींबरोबर, बिदरी सुरई इतर बिदरीबरोबर. कलाकार ही वर्गवारी मोडतो. रंग, आकार, झीज, वापर किंवा वस्तूमागची सत्ता, यातलं काहीही त्याच्या निवडीचं सूत्र असू शकतं. म्हणून त्याच्या प्रदर्शनात एकेक वस्तू सुटी पाहून भागत नाही. तिच्या उजवी-डावीकडे काय ठेवलंय, वर-खाली काय आहे, किती अंतर सोडलंय, हेच त्याचं काम असतं. शेजार वाचायला शिकलात की अर्धं प्रदर्शन कळलं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1992 मध्ये फ्रेड विल्सन या कलाकाराला बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीचं भांडार मोकळं करून दिलं होतं. एका काचपेटीत त्याने नक्षीदार चांदीची सुरई, पेले वगैरे खानदानी भांडी मांडली आणि मधोमध गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या ठेवल्या. लेबलावर फक्त ‘धातुकाम, 1793–1880’ एवढंच. निषेधाचा किंवा स्पष्टीकरणाचा एक शब्दही नव्हता. चांदी आणि बेड्या दोन्ही त्याच संस्थेच्या संग्रहातल्या. चांदी दालनात मिरवायची आणि बेड्या भांडारात असायच्या, इतकंच. त्याच प्रदर्शनात तीन पांढऱ्या चौथऱ्यांवर नेपोलियन, अमेरिकी राजकारणी हेन्री क्ले आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे अर्धपुतळे होते. शेजारच्या तीन काळ्या चौथऱ्यांवर हॅरिएट टबमन, बेंजामिन बॅनेकर आणि फ्रेडरिक डग्लस ही नावं होती, पण वर काहीच नव्हतं. कृष्णवर्णीयांच्या इतिहासातली ही मेरीलँडचीच मोठी माणसं, आणि संग्रहात त्यांचे पुतळे नव्हते. रिकामा चौथरासुद्धा प्रदर्शनातली वस्तू असू शकतो, हे तिथे शिकायला मिळतं.

हा प्रकार अलीकडचा आहे का?

नाही. 1969 मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या संग्रहालयाच्या भांडारातून वस्तू काढल्या. त्याने निवडक जोडे घेतले नाहीत, जोड्यांचा अख्खा संग्रह कपाटासकट घेतला. लंडनच्या नॅशनल गॅलरीने 1977 पासून कलाकारांना आपल्या संग्रहातली चित्रं निवडायला बोलावलं. 2011 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रेसन पेरी या कलाकाराने संग्रहातल्या वस्तूंबरोबर स्वतःच्या कलाकृती मांडल्या आणि सगळं प्रदर्शन निनावी कारागिराला वाहिलं. त्याच संग्रहालयात 2024-25 मध्ये शिल्पकार ह्यू लॉक यांनी साम्राज्याच्या काळात तिथे पोचलेल्या वस्तूंवर प्रदर्शन केलं.

मुंबईत काय झालंय?

भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांसाठी उघडलं. 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. मोठ्या जीर्णोद्धारानंतर 2008 मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि त्यानंतर समकालीन कलाकारांना तिथल्या संग्रहाला उत्तर देणारं काम करायला बोलावलं गेलं. 2010 मध्ये सुदर्शन शेट्टी, 2011 मध्ये जितिश कल्लाट, 2014-15 मध्ये अतुल डोडिया. 2013 मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर मोठाल्या रबरी शिक्क्यांचं कोळ्याचं जाळं विणलं. प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या रस्त्याचं जुनं, इंग्रजांच्या काळातलं नाव होतं.

इथे एक भेद ध्यानात ठेवा. विल्सनने भांडारातल्या वस्तू हलवल्या. भायखळ्यात बहुतेकदा जुन्या वस्तू जागच्या जागी राहिल्या आणि कलाकाराने आपलं काम त्यांच्यात नेऊन ठेवलं. पाहण्याची रीत मात्र दोन्हीकडे तीच, शेजार बघायचा.

तिथे जायचं कसं आणि कधी?

मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकावर पूर्वेकडे उतरा. तिथून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने राणीच्या बागेपर्यंत चालत साधारण दहा मिनिटं. संग्रहालय बागेच्या दाराशीच आहे. दोन्हींची तिकिटं वेगळी, बागेचं तिकीट संग्रहालयाला चालत नाही. बुधवारी दोन्ही बंद. परगावाहून येणाऱ्यांचा हेलपाटा सर्वात जास्त या बुधवारपायीच होतो. जुनी इमारत असल्याने डागडुजीसाठी दालनं मधूनमधून बंद ठेवावी लागतात. म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी तपासा: इमारत उघडी आहे का, आणि तुम्हाला हवं असलेलं प्रदर्शन अजून चालू आहे का. शनिवार-रविवार आणि मे महिन्याच्या सुट्टीत बागेत येणारी कुटुंबं इकडेही वळतात. निवांत पाहायचं तर बुधवार सोडून मधल्या वारी सकाळी दार उघडताच जा.

किती वेळ ठेवावा?

दीड तास, आणि तोही एका दमात नाही. संग्रहालयातल्या थकव्यावर अमेरिकन संग्रहालयतज्ज्ञ बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी 1916 मध्येच लिहून ठेवलंय. त्यांनी एका माणसाला काचपेट्यांसमोर उभं करून त्याचे फोटो काढले. खालच्या फळीवरचं लेबल वाचायला त्याला किती वाकावं लागतं, मान किती वळवावी लागते, हे त्यात दिसतं. म्हणजे शीण डोक्याला यायच्या आधी कमरेला आणि मानेला येतो. पाऊण तास झाला की बाहेर पडा, पाणी प्या, बसा, मग परत आत जा. पुन्हा आत सोडतात का, हे मात्र तिकीट घेतानाच विचारून घ्या.

सुरुवात कुठून करायची?

कायमच्या दालनांपासून. बरेच जण थेट नव्या प्रदर्शनाकडे धावतात आणि तिथेच फसतात. कलाकार ज्याला उत्तर देतोय तो प्रश्नच त्यांनी ऐकलेला नसतो.

भायखळ्यात आधी मातीच्या छोट्या मूर्ती आणि देखावे पाहा. पगडीच्या घाटावरून, नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि हातातल्या अवजारावरून माणसाची जात आणि धंदा ओळखावा, अशा हिशेबाने केलेली ही माणसं. सगळी शांत आणि नीटस, आपापल्या जागी उभी. यानंतर 2011 मधलं जितिश कल्लाट यांचं एक काम आठवून पाहा: तेवढ्याच छोट्या रंगीत माणसांचा जमाव, पण एकमेकांच्या उरावर बसलेला, मारामारी करणारा, आजच्या कपड्यांतला. मातीची माणसं आधी पाहिली नसतील तर हा नुसता बारीक कलाकुसरीचा नमुना वाटेल. पाहिली असतील तर काचेमागची ती शिस्त कुणी लावली होती, असा प्रश्न पडतो.

त्याच प्रदर्शनात बांबूच्या परांचीसारखं एक शिल्प होतं. घाईत गेलेल्याला दुरुस्तीचं काम चालू आहे असंच वाटावं. जवळ गेल्यावर कळायचं की तो बांबू नाहीच, ओतीव काम आहे, आणि त्याच्या अंगावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरच्या प्राण्यांसारखी कोरीव जनावरं आहेत.

आमच्या मते फेऱ्या तीन कराव्यात. पहिली, काही न वाचता, दहा मिनिटांत सगळं प्रदर्शन चालून यायचं. दुसरी, ज्या चार-पाच जागी पाय थबकले तिथे परत जाऊन प्रत्येक ठिकाणी निदान पाच मिनिटं उभं राहायचं. तिसरी, लेबलं वाचत. वेळ कमी असेल तर तिसरी फेरी गाळा, दुसरी गाळू नका.

आधी लेबल वाचावं की आधी वस्तू पाहावी?

आधी वस्तू. लेबल वाचलं की डोळ्यांना काम संपल्यासारखं वाटतं आणि पाय पुढच्या पेटीकडे निघतात. वस्तूपाशी हे चार प्रश्न मनाशी विचारा: ही कशाची केली आहे, हात कुठे लागून झिजली आहे, कुठे सांधली किंवा दुरुस्त केली आहे, आणि मधली जागा अशी रिकामी का सोडली आहे?

एखादा पितळी अडकित्ता असला तर पात्याकडे पाहा. रोज वापरातला असेल तर पातं पुन्हा पुन्हा पाजवून मधे खोलगट झालेलं असतं, आणि मुठीवरची नक्षी अंगठा टेकतो तेवढ्याच भागात पुसट झालेली असते. मूठ लखलखीत आणि पातं कोरं असेल तर तो अडकित्ता बहुधा आहेर-नजराण्याचा किंवा प्रदर्शनासाठीच घडवलेला. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या प्रदर्शनांसाठी कारागिरांकडून मुद्दाम बनवून घेतलेला माल अनेक संग्रहालयांत आहे. झीज दिसत नसेल तर ती का नाही, हाही प्रश्न विचारण्यासारखा असतो.

लेबलाच्या तळाशी असलेले आकडे आणि ‘भेट’, ‘खरेदी’ हे काय असतं?

तो नोंदणी क्रमांक. 1978.12.4 असा क्रमांक असेल तर वस्तू 1978 मध्ये संग्रहात आली, ती त्या वर्षीची बारावी आवक होती आणि त्या आवकेतली ही चौथी वस्तू, असं समजा. सगळीकडे हीच पद्धत नसते. जुन्या संग्रहालयांत एकामागून एक साधे आकडेही असतात.

हा आकडा फार कामाचा आहे, कारण वस्तू कधी केली ते वेगळं आणि इथे कधी आली ते वेगळं. कलाकाराच्या मांडणीत दुसरी तारीख अनेकदा जास्त बोलते. युद्धानंतरच्या, संस्थान खालसा झाल्यानंतरच्या किंवा दुष्काळातल्या आवकेला त्या काळाचा संदर्भ असतो. ‘भेट’ लिहिलं असेल तर देणाऱ्याकडे ती कुठून आली, हे लेबल बहुधा सांगत नाही. ह्यू लॉक यांचं सगळं प्रदर्शन याच प्रश्नाभोवती उभं होतं.

जुनी वस्तू कुठली आणि कलाकाराने केलेली कुठली, हे कसं ओळखायचं?

संग्रहालयाच्या वस्तूला नोंदणी क्रमांक असतो. कलाकाराच्या कामाखाली त्याचं नाव, चालू काळातलं साल आणि बहुधा ‘कलाकाराच्या सौजन्याने’ किंवा एखाद्या गॅलरीचं नाव असतं. लेबल मुद्दाम काढून टाकलं असेल तर तुमचा गोंधळ व्हावा हीच कलाकाराची इच्छा आहे. तेव्हा दालनातल्या कर्मचाऱ्याला विचारण्याआधी स्वतःचा अंदाज बांधून पाहा.

आत इतका अंधार का?

कागद, कापड आणि जलरंग यांच्यासाठी प्रकाश साधारण 50 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवायचा, असा संकेत आहे. तैलचित्रांना सुमारे 200 पर्यंत चालतो. दगड-धातूला त्याहून जास्तही चालतो. दुपारच्या उन्हात बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. तिथून आत आलं की काही दिसत नाही, यात नवल नाही. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही. उडालेला रंग परत येत नाही. म्हणूनच पैठणीचा तुकडा किंवा हस्तलिखिताचं पान काही महिन्यांनी उतरवून दुसरं लावतात, आणि फोटोत पाहिलेली वस्तू तुम्ही जाल तेव्हा जागेवर नसते.

उपाय साधा आहे. आत शिरल्यावर पाच-सात मिनिटं मोबाइल खिशात ठेवा आणि आधी ठळक, मोठ्या वस्तू पाहा. तेवढ्यात डोळे सरावतात. मधेच मोबाइलचा पडदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फोटो काढता येतात का?

नियम जागोजागी वेगळे. कायमच्या दालनात परवानगी असली तरी तात्पुरत्या प्रदर्शनात नसू शकते. उसन्या आणलेल्या वस्तूंच्या मालकांनी किंवा कलाकाराने मनाई केलेली असते. दाराशीच विचारा. फ्लॅश, सेल्फीची काठी आणि तिपाई बहुतेक ठिकाणी चालत नाही.

परवानगी असेल तर काचेतलं प्रतिबिंब ही खरी अडचण. बहुतेक वेळा ते तुमच्याच पांढऱ्या सदऱ्याचं असतं, म्हणून गडद कपडे घालून जा. काचेसमोर सरळ उभं न राहता थोडं तिरकं उभं राहा आणि फोन काचेजवळ न्या, पण टेकवू नका. आणि एक फोटो वस्तूचा काढला तर दुसरा चार पावलं मागे येऊन, शेजारच्या वस्तूंसकट काढा. घरी गेल्यावर तोच उपयोगी पडतो. पहिल्यासारखा फोटो संकेतस्थळावर बहुधा असतोच.

वहीत रेखाटन केलं तर?

जरूर करा, पण पेन्सिलने. शाईचा डाग निघत नाही, म्हणून अनेक ठिकाणी पेन चालत नाही. कोळसा आणि रंग तर नाहीच. वही काचपेटीवर टेकवून काढू नका, हातात धरा किंवा पुठ्ठा न्या. चित्रकला येत नाही म्हणून संकोचू नका. प्रत्येक वस्तूची नुसती बाह्यरेषा आणि दोन वस्तूंमधलं अंतर एवढं काढलं तरी मांडणीचा विचार उलगडतो.

हात लावू नका, काचेला टेकू नका, पाठीवरची बॅग पुढे घ्या. एवढं कशाला?

बोटांवर घामातलं मीठ, आम्ल आणि तेल असतं. चांदीवर आणि पॉलिश केलेल्या पोलादावर ठसा उमटतो आणि काही काळाने तो धातूत उतरतो, मग पुसून जात नाही. एकाच्या बोटाने काही बिघडत नाही असं वाटतं, पण दिवसाला शेकडो माणसं येतात. काचपेटीला टेकलं की आतली फळी थरथरते आणि हलक्या वस्तू केसाकेसाने सरकत फळीच्या कडेला येतात. बॅगचं कारण त्याहून साधं: आपण वळतो तेव्हा पाठीमागे किती जागा लागते याचं भान नसतं.

पावसाळ्यात छत्री बाहेर ठेवायला सांगतात, तेही सोसा. मुंबईत पावसाळ्यात बाहेरची हवा 85-90 टक्के दमट असते आणि लाकूड, हस्तिदंत, कागद यांना 50-55 टक्क्यांच्या आसपासची स्थिर हवा मानवते. ओल वाढली की ते फुगतात, उतरली की आकसतात आणि चिरतात.

मुलांना न्यावं का?

सहा-सात वर्षांपासून पुढे चांगलं जमतं. सगळं दाखवायला जाऊ नका. पाच वस्तू निवडा आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: ‘हिच्या शेजारी तू काय ठेवशील?’ प्रदर्शन ज्या कारणासाठी केलंय त्याच्या गाभ्याशी मूल या एका प्रश्नाने पोचतं. पेट्या मोठ्यांच्या नजरेच्या उंचीने लावलेल्या असतात, त्यामुळे मुलाला वस्तूचा तळ किंवा फळीची कड दिसते. एकदा तुम्हीही खाली बसून पाहा, वस्तू वेगळीच दिसते. खांद्यावर मात्र घेऊ नका, पेट्यांच्या मधे तोल जाऊ शकतो.

आजी-आजोबांना झेपेल का?

जुन्या इमारतींत जिने असतात आणि बसायला जागा कमी. लिफ्ट, चाकांची खुर्ची आणि बाक कुठे आहेत, हे तिकीट खिडकीवरच विचारा. घाई नको. आणि त्यांना बरोबर नेण्याचं एक वेगळंच कारण पुढच्या प्रश्नात आहे.

‘असल्या वस्तू आमच्या माळ्यावर आहेत. यात कला काय?’

हा प्रश्न विचारणारा माणूस प्रदर्शनाला सगळ्यात उपयोगी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा पाया याच प्रकारच्या वस्तूंवर उभा आहे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, दारं-खिडक्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. कवीच्या नजरेने निवडलेला तो संग्रह आहे. कलाकाराची निवड म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर बाजीराव रस्त्यावरची ती इमारत आधी पाहून घ्यावी.

लेबलं लिहिणाऱ्यांना वस्तूचं पुस्तकी नाव माहीत असतं, घरातलं नसतं. वज्रीखाली नुसतं ‘पाय घासण्याचं साधन’ असं लिहिलेलं सापडतं. ती कशी धरायची, न्हाणीत कुठे ठेवायची, हे तुमच्या आजीला ठाऊक आहे. लेबल अपुरं किंवा चुकीचं वाटलं तर नोंदणी क्रमांक टिपून घ्या आणि संग्रहालयाला कळवा: वस्तूचं तुमच्याकडचं नाव, गाव किंवा तालुका, वापर, आणि कुणाकडून कळलं. ‘तुमचं चुकलंय’ एवढंच लिहिलेलं पत्र बाजूला पडतं. क्रमांक आणि गावाचं नाव असलेलं पत्र नोंदीत जाऊ शकतं.

प्रदर्शन संपल्यावर वस्तूंचं काय होतं? आम्हाला जमलंच नाही तर?

बहुतेक वस्तू भांडारात किंवा आपल्या जुन्या पेटीत परत जातात. तेव्हाही जा. प्रदर्शनाचा कॅटलॉग किंवा फोटो जवळ असेल तर कायमच्या दालनात त्यातली वस्तू शोधा आणि तिच्या मूळ शेजाऱ्यांमध्ये ती कशी दिसते ते पाहा.

आणि भायखळ्याला असाल तर आवारात हिंडल्याशिवाय परतू नका. घारापुरीचा दगडी हत्ती तिथे आहे. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं ते याच्यावरून. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडून फुटला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. एका बाजूने सावकाश फिरत सांधे शोधा, ते दिसतात. दक्षिण मुंबईतल्या चौकातून 1965 मध्ये हलवलेला, घोड्यावर बसलेला राजा सातवा एडवर्ड, म्हणजे मूळचा ‘काळा घोडा’, तोही याच परिसरात आला. दक्षिण मुंबईतला तो चौक आजही काळा घोडाच म्हणवतो, आणि 2017 पासून तिथे नवा घोडा उभा आहे, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. दोन्ही एकाच दिवशी पाहायचे तर सकाळी भायखळा करा, तिथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा आणि पुढे चालत जा.